वाळवंटातली मासे-भाजीची शेती आपल्याकडं करायची असंल तर आधी बोअरचं पाणी बाटलीत भरा

ही शेती आपल्याकडं कशी करायची हे लई पोरं विचारायलेत म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. मी साडेतीन वर्षं दुबईकडं होतो, म्हणजे खरं तर अल ऐनच्या पुढं वाळूत, एका ॲक्वापोनिक्स (एकाच पाण्यावर मासे आणि भाजी) फार्मवर सुपरवायझर, बाहेर ४६-४७ टेंपरेचर आणि आत लेट्यूस उभं, असं रोज बघितलंय. आता गावाकडं, औसा तालुक्यात, स्वतःचं दहा गुंठ्याचं शेड आहे, तिसरं वर्ष चालू आहे. पहिल्या वर्षी मार खाल्ला, तेही खाली येईलच.

ज्याला काहीच माहिती नाही त्याच्यासाठी दोन ओळीत सांगतो. माशाला खाद्य टाकायचं, मासा कल्ल्यातून अमोनिया सोडतो, पाण्यातले बॅक्टेरिया त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, नायट्रेट म्हणजे युरिया टाकल्यावर पिकाला शेवटी जे मिळतं तेच, ते झाड मुळातून घेतं आणि स्वच्छ झालेलं पाणी परत माशाकडं. माती नाही, थर्माकोलच्या शीटला भोकं पाडून रोपं पाण्यावर तरंगत ठेवायची, त्याला राफ्ट म्हणतात.

आता व्हिडिओत सांगतात की ९० टक्के पाणी वाचतं. टाकीपुरतं ते खोटं नाही. पण वाळवंटात पाणी टाकीतून जात नाही, हवेतून जातं, आणि जाताना क्षार मागं ठेवून जातं, आणि हे सगळं चालवायला २४ तास लाइट लागते. हे तीन हिशोब जमले तरच मासे आणायचे. लोक बरोब्बर उलटं करतात, आधी बीज आणतात, मग टाकी शोधतात आणि शेवटी मला फोन करतात.

पायरी पहिली: पाणी तपासा, आणि कागद-पेन घेऊन बसा

बोअरचं पाणी एक लिटर स्वच्छ बाटलीत भरून लॅबला द्या, परभणीच्या कृषी विद्यापीठात किंवा तुमच्या जिल्ह्यातल्या माती-पाणी परीक्षण केंद्रात. नुसता टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, बघून येऊ नका. सोडियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पीएच आणि बोरॉन, एवढं सगळं मागा.

आता हिशोब करू. दहा गुंठे म्हणजे अंदाजे १००० चौरस मीटर राफ्ट धरू. राफ्टखाली एक फूट पाणी म्हणजे तीन लाख लिटर, माशाच्या टाक्या आणि फिल्टर मिळून अजून सव्वा-दीड लाख, म्हणजे सिस्टिममधे साडेचार लाख लिटरच्या खाली-वर पाणी. रोज त्यातलं दीड टक्का जरी उडालं, झाडानं घेतलं, गाळाबरोबर गेलं, तरी साडेसहा-सात हजार लिटर नवीन टाकावं लागतं. दीड टक्का हा आकडा व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकोसी नावाच्या शास्त्रज्ञानं वर्षानुवर्षं चालवलेल्या सिस्टिमचा आहे, जगात राफ्टवाली जेवढी कमर्शियल फार्म आहेत त्यातली बरीच त्याच्याच डिझाइनवर उभी आहेत, आमचं तिथलं पण. आणि ते बेट आहे, दमट हवा. आपला एप्रिल-मे त्यापेक्षा जास्त पाणी उडवणार हे धरूनच चला.

आता तुमच्या बोअरचा टीडीएस १२०० आला समजा, आपल्याकडं येतोच. साडेसहा हजार लिटर गुणिले १.२ ग्रॅम म्हणजे रोज पावणेआठ किलो क्षार तुम्ही स्वतःच्या हातानं सिस्टिममधे टाकायलाव. कॅल्शियम-मॅग्नेशियम झाड थोडंफार खातं, सोडियम आणि क्लोराइडला कुणी विचारत नाही, ते तिथंच बसतं. साडेचार लाख लिटरमधे रोज लिटरमागं १७ मिलिग्रॅम वाढ, महिन्याला पाचशेच्या वर. म्हणजे उन्हाळ्याच्या दोन महिन्यात टीडीएस दुप्पट. अल ऐनला आम्ही सगळं भरतीचं, म्हणजे रोज नवीन टाकायचं, पाणी आरओचं वापरायचो आणि आरओतून निघणारं खारट पाणी कुठं सोडायचं ही वेगळीच डोकेदुखी होती, तिथं तर निदान वाळू होती, इथं शेजाऱ्याचं शेत आहे.

पण आपल्याकडं एक गोष्ट आहे जी अल ऐनला नाही, पाऊस. भले कमी. १००० चौरस मीटरच्या पॉलिफिल्मच्या छतावर ६०० मिमी पाऊस पडला तर सहा लाख लिटर पाणी होतं, आणि ते जवळपास बिनक्षाराचं. पन्हळ लावून, पहिले दोन-तीन पाऊस सोडून देऊन, ते प्लास्टिक कागद अंथरलेल्या शेततळ्यात घ्या आणि तळ्यावर शेडनेट टाका. एवढं पाणी एकट्यानं तीन महिने भरतीला पुरतं, अर्धं बोअर अर्धं पावसाचं केलं तर सहा महिने. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली ते २०१६ साल लातूरकरानं बघितलंय, आणि तरी आपण शेडचं पाणी शेजारच्या नाल्यात सोडतो. माझं पहिल्या वर्षी तेच झालं, पन्हळीचे वीसेक हजार वाचवले आणि मग आरओला दीड लाख घातले.

पाण्याची दुसरी भानगड म्हणजे बायकार्बोनेट. आपलं काळ्या पाषाणातलं पाणी, पीएच ८ च्या वर, तांब्याला पांढरा थर बसतो तेच पाणी. माशाला, बॅक्टेरियाला आणि झाडाला तिघांना चालंल असा पीएच ६.८ ते ७. पीएच ८ आणि पाणी ३० अंश असंल तर एकूण अमोनियातला साडेसात टक्के भाग विषारी रूपात असतो, पीएच ७ ला तोच एक टक्क्याच्या पण खाली. शिवाय पीएच साडेसातच्या वर गेला की लोह झाडाला मिळत नाही, उसावर केवडा पडतो ना तसं, नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. म्हणून भरतीचं पाणी वेगळ्या टाकीत घेऊन तिथं फॉस्फोरिक किंवा नायट्रिक ॲसिडनं खाली आणायचं, एक रात्र हवा मारायची, मग सिस्टिमला सोडायचं. मासे असलेल्या टाकीत थेट ॲसिड ओतू नका, कुणी कितीही ‘काही होत नाही’ म्हणू द्या.

पायरी दुसरी: थंडावा, आणि तो कितीला पडतो

तिकडं मोठ्या फार्मवर फॅन आणि कूलिंग पॅड असतात. गवताच्या ताट्या लावलेला डेझर्ट कूलर आपल्या घरात असतो, तेच, फक्त भिंतभर. एक लिटर पाणी उडताना साधारण २.४ मेगाज्यूल उष्णता घेऊन जातं. उन्हाळ्यात एका चौरस मीटरवर दिवसभरात २५ मेगाज्यूलच्या आसपास ऊन पडतं, शेडनेटनं निम्मं अडवलं तरी बारा आत येतंच, ते काढायला पाच लिटर, आणि बाहेरून येणारी तापलेली हवा थंड करायला वरून अजून. म्हणजे दहा गुंठ्याला पाच हजार लिटर तर कागदावरच, प्रत्यक्षात दहा हजाराला पोहोचलेलं मी बघितलंय. म्हणजे भाजीपेक्षा भिंत जास्त पाणी पिते! हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. आणि आपल्याकडं जून उजाडला, हवेत दमटपणा आला की पॅड काम करत नाहीत, नुसते फॅन फिरतात आणि बिल येतं.

म्हणून मी फॅन-पॅड लावले नाहीत. माशाच्या टाक्या तीन फूट जमिनीत, वरचा भाग पांढरा रंगवलेला. छत उंच, माथ्याला हवा निघायला फट, बाजूला इन्सेक्ट नेट, मार्चपासून वर ५० टक्क्याचं शेडनेट. झाडाचं डोकं तापलं तरी एकवेळ चालतं, मुळं तापली की संपलं, त्यामुळं हवा थंड करण्यापेक्षा पाणी थंड ठेवा. आपल्या रात्री बऱ्यापैकी थंड होतात, मी रात्री अकरा ते पहाटे पाच पाणी एका उंच जाळीवरून धारेनं खाली सोडतो, तेवढ्यात दोन-तीन अंश उतरतं आणि ऑक्सिजन पण मिळतो. दुपारी हे करू नका, पाणी उडतं आणि क्षार वाढतात.

उलटं हिवाळ्यात. डिसेंबर-जानेवारीत रात्री दहाच्या खाली पारा जातो, पाणी २० च्या खाली गेलं की चिलापी (तिलापिया मासा) खाणं सोडते, तेव्हा खाद्य कमी करा. ती खात नाही आणि तुम्ही टाकत राहिला तर ते खाद्य सडून अमोनिया होणार.

लाइट

याला पायरी नंबर देत नाही, ही सगळ्या पायऱ्यांच्या खाली आहे.

दाट ठेवलेल्या टाकीत हवा बंद पडली तर अर्ध्या-एक तासात मासे मरायला लागतात. पाणी फिरवायला पंप छोटा लागतो, दहा गुंठ्याला दोन-तीन एचपी, पण हवा मारणारे ब्लोअर सात-आठ एचपी खातात आणि ते कधीच बंद करायचे नसतात. शेतीच्या थ्री फेजवर, जी आठ-दहा तास येते, हे होत नाही. वेगळं कनेक्शन घ्या, दिवसा सोलर लावा, रात्रीला जनरेटर.

आणि जनरेटर आहे म्हणून निवांत झोपू नका. पहिल्या वर्षी मे महिन्यात रात्री दोनला लाइट गेली. मी उठलो, सेल्फ मारला तर टक-टक-टक एवढाच आवाज, बॅटरी उतरलेली, महिनाभर चालवूनच बघितला नव्हता. टॉर्च टाकीवर मारला तर सगळे मासे वर, तोंड उघडून पाण्याला टेकवून, पाणी उकळल्यासारखा चुळबुळ आवाज. मी आणि अण्णा बादल्या घेऊन टाकीतलंच पाणी डोक्याएवढं उचलून ओतत बसलो, आई ताट आपटत होती पाण्यावर. ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणेपर्यंत सव्वातास गेला. चारपैकी तीन टाक्या वाचल्या, चौथीतले सव्वातीनशे किलो सकाळी शेवग्याच्या झाडाखाली खड्ड्यात चुना टाकून पुरले. अण्णा त्या दिवशी काहीच बोलले नाहीत, ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर जे केलं ते तुम्ही पहिल्या दिवशी करा. ऑक्सिजनचा सिलिंडर, त्याला असा व्हॉल्व्ह की लाइट असेपर्यंत बंद आणि लाइट गेली की आपोआप उघडा, आणि टाकीच्या तळाला बारीक बुडबुड्यांचे दगड. जनरेटर चालू होवो न होवो, तास-दोन तास मिळतात. सोबत लाइट गेली की मोबाईलवर फोन करणारा डबा, आणि दर सोमवारी जनरेटर दहा मिनिटं चालवायचा.

पायरी तिसरी: मासे किती, ते खाद्यावरून

नवीन माणूस विचारतो, किती मासे टाकू? प्रश्न असा पाहिजे की रोज किती खाद्य टाकू. पालेभाजीच्या राफ्टला एका चौरस मीटरमागं रोज ६० ते १०० ग्रॅम खाद्य हे राकोसीचं माप. आपण ६० धरू, म्हणजे दहा गुंठ्याला रोज ६० किलो. मासे वजनाच्या दीड-दोन टक्के खातात, म्हणजे साधारण तीन ते चार टन मासा कायम सिस्टिममधे पाहिजे. एकाच वयाचा नाही, चार टाक्या चार वयाच्या, म्हणजे दर सहा आठवड्याला एक टाकी काढायची आणि तिथं नवीन बीज. असं केलं की खाद्य रोज तेवढंच राहतं आणि भाजीला पण रोज तेवढंच मिळतं. सगळा मासा एकदम विकला की पुढचे दोन महिने भाजी उपाशी, हे मी दुसऱ्याच्या शेडवर बघितलंय.

मासा कोणता? चिलापी सगळ्यात सोपी, पण आपल्या धरणातली नाही, ती पिलं घालत बसते आणि वाढत नाही. सुधारित गिफ्ट जातीचं, सगळे नर असलेलं बीज पाहिजे, आणि ती पाळायला मत्स्यव्यवसाय खात्याची परवानगी लागते, जिल्ह्याच्या ऑफिसला आधी जाऊन या. पंगस हवेतनं पण श्वास घेतो, त्यामुळं लाइटच्या बाबतीत थोडा दिलासा, पण थंडी सोसत नाही. मरळला बाजारात भाव लई, पण तो एकमेकांना खातो, पहिल्या दोन वर्षात नादी लागू नका. रोहू-कटला शेततळ्यातच बरे. थाई मागूर कुणी देत असंल तर घेऊ नका, त्यावर बंदी आहे.

खाद्य तरंगणारं, २८ ते ३२ टक्के प्रोटीनचं. वीस मिनिटात संपेल एवढंच टाका. टाकलेल्या खाद्याचा साधारण पाव भाग गाळ म्हणून बाहेर येतो, तो शंकूच्या तळाच्या टाकीत बसवून रोज सकाळी काढायचा. काढला नाही तर मुळांवर चिखल बसतो, मुळं तपकिरी होतात आणि तुम्ही बुरशीचं औषध शोधत बसता. तो गाळ माझ्या उसाला जातो, उसाची तक्रार नाही.

मासे आणायच्या आधीचे सहा आठवडे

बॅक्टेरिया बाजारातून आणून टाकले आणि झालं असं नसतं, त्यांना वस्ती करू द्यावी लागते. रिकाम्या सिस्टिममधे अमोनियम क्लोराइड टाका, म्हणजे आपला नवसागर, पण कल्हईवाल्याचा नको, शुद्ध घ्या. हजार लिटरला आठ ग्रॅम टाकला की अमोनिया लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास येतो. रोज टेस्ट किटनं बघायचं: आधी अमोनिया वर राहतो, मग तो उतरतो आणि नायट्राइट चढतं, मग ते उतरतं आणि नायट्रेट दिसायला लागतं. चार ते सहा आठवडे. आज टाकलेला अमोनिया उद्या सकाळी शून्य आणि नायट्राइट पण शून्य, असं दोन-तीन दिवस झालं की मासे आणा. चालू सिस्टिमवाल्याकडून एखादं पोतं जुनं फिल्टर मटेरियल मिळालं तर वेळ निम्मा होतो, माझ्याकडं या, देतो.

बॅक्टेरिया स्वतः काम करता करता पीएच खाली ओढतात. आपल्या कडक पाण्यात हे सुरवातीला कळतच नाही, पण पावसाचं पाणी वापरायला लागलात की एक दिवस अचानक ६ दिसंल. तेव्हा चुन्याची निवळी आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड आलटून-पालटून, थोडं-थोडं. त्यातनंच कॅल्शियम आणि पालाश मिळतं, माशाच्या खाद्यात हे दोन्ही झाडापुरतं नसतं. तिसरं कमी पडणारं म्हणजे लोह, दर तीन आठवड्याला चिलेटेड लोह लिटरला दोन मिलिग्रॅम. बाकी काही टाकायचं नाही.

फवारणी तर अजिबातच नाही. आणि जैविक आहे म्हणून काय झालं, दशपर्णी अर्क, निंबोळी, करंज हे सगळं माशाला विष आहे. पिवळे चिकट सापळे, अळीला बीटी नावाचं जिवाणूचं औषध, एवढ्यावर भागवा. माझी जास्त भीती शेजाऱ्याच्या सोयाबीनची असते. त्यांना आधीच सांगून ठेवलंय की काका फवारायच्या आदल्या दिवशी एक हाक मारा, मग मी त्या बाजूचे पडदे सोडतो आणि टाक्या झाकतो.

भाजी काय घ्यायची

लेट्यूसचा फोटो छान येतो. पण लातूरच्या मार्केटला लेट्यूस घेऊन गेलो तर आडत्या म्हणला, ‘दादा, ह्ये कोबी उघडून आणलाय का?’ हैद्राबाद किंवा पुण्याचा घेणारा आधी पक्का असंल, रात्री गाडी भरून सकाळी पोचणार असंल, तरच ऑक्टोबर ते मार्च लेट्यूस आणि बेसिल. बाकी पालक, पुदिना, कोथिंबीर. एप्रिल ते जून लेट्यूसला तुरा येतो आणि पान कडू होतं, तेव्हा माठ, तांदुळजा, अंबाडी, भेंडी लावा, किंवा सरळ निम्मे राफ्ट रिकामे ठेवून खाद्य पण निम्मं करा. तिकडं पण चिलर (पाणी गार करायचं मशीन) न लावलेली फार्म उन्हाळ्यात झोपतातच.

ज्यांच्याकडं आधीच डाळिंब-मोसंबी आहे त्यांनी तर राफ्टचा नाद सोडून दुसरा रस्ता बघावा. इस्रायलमधे नेगेवच्या वाळवंटात जमिनीखालचं कोमट खारट पाणी आधी माशाला वापरतात आणि मग तेच ऑलिव्ह-खजुराला देतात. पाणी परत फिरवायचंच नाही, त्यामुळं टाकीत क्षार साठत नाहीत. शेततळ्यात-टाकीत मासा, तेच पाणी डिस्क फिल्टरमधनं ड्रिपला. भांडवल निम्म्याहून कमी लागतं आणि झोप पण लागते. फक्त फिल्टर रोज धुवा, नाहीतर ड्रिपर आठवड्यात बसतात.

पैसा

किती लागतो ते सांगत नाही, प्रत्येकाच्या शेडचं लोखंड वेगळं. क्रम सांगतो. पहिले सहा महिने हजार लिटरची एक टाकी आणि दोन-तीन चौरस मीटर राफ्ट, घरामागं. मग दोन गुंठे. मग दहा. आणि दहा गुंठ्याची एकच सिस्टिम करू नका, अडीच-अडीचच्या चार वेगळ्या करा, एकीत रोग शिरला तर तीन राहतात. मी एकच मोठी केली, आता तोडून दोन केल्यात.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत, २०२० ची, आरएएस (तेच पाणी गाळून परत फिरवायच्या) टाक्यांना सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातीला ६० टक्के अनुदान ठेवलंय, चालू अर्जाची स्थिती मत्स्यव्यवसाय ऑफिसात विचारा. पण ते आलं तर आलं असं धरूनच कर्जाचा हप्ता मांडा. गावातल्या एकानं अनुदानाच्या भरवशावर लोखंड उचललं, ते लोखंड अजून पावसात आहे.

मासा विकायच्या आधी

हे मला तिथं कुणी सांगितलं नव्हतं, कारण तिथं मासा विकायचं काम माझ्याकडं नव्हतंच. पहिली टाकी काढली आणि बुधवारच्या बाजारात जिवंत मासा घेऊन बसलो, दोन तासात सगळा गेला, खूष. पुढच्या बुधवारी एक मावशी आल्या आणि म्हणल्या, ‘तुज्या माशाला चिखलाचा वास येतंय रं, मासा धुऊन धुऊन दमले.’ फिरत्या पाण्यात काही सूक्ष्मजीव असतात, त्यांचा वास माशाच्या चरबीत बसतो, मासा ताजा असला तरी. उपाय सोपाय: काढायच्या आधी चार-पाच दिवस मासा वेगळ्या टाकीत, रोज बदललेल्या स्वच्छ पाण्यात, खाद्य बंद, हवा चालू. वजन थोडं घटतं. त्या टाकीचं पाणी सिस्टिमला परत न घेता शेवग्याला सोडा. मावशींना दोन किलो फुकट दिले, आता त्या दर बुधवारी आल्या की आधी कल्ला उचलून वास घेतात आणि मगच पिशवी उघडतात.